माझ्या मापाचा ओटा

परवा सून मोबाइल घेऊन माझ्यापुढे येऊन बसली. तिला सैपाकघर नवं करायचंय. निळं करू का पांढरं, कपाटं पार वरपर्यंत नेऊ का, आई तुम्ही सांगा. मी म्हटलं, बाई, तुला जे करायचं ते कर, मला विचारू नकोस. तिला वाटलं मी रुसले. आता ह्या वयात रुसायला अंगात त्राण तरी पाहिजे. मला सैपाकघराच्या नकाशांचा कंटाळा आहे आणि तो कंटाळा आजचा नाही. माझं निम्मं लहानपण एका सैपाकघराच्या नकाशात गेलंय. नमनाला घडाभर तेल म्हणतात. आमच्या घरी घडे रिकामे झाले तरी नमन चालूच होतं. सुनेला हे सगळं सांगत बसण्यापेक्षा लिहून काढलेलं बरं, म्हणून बसलेय.

घर परभणीकडच्या बोरी गावातलं. मातीच्या जाड भिंती, वर माळवद, आणि दारं इतकी ठेंगणी की नवा पाहुणा पहिल्या दिवशी कपाळ आपटून घेणार हे ठरलेलं. घरात आम्ही मोजकी माणसं. वडिलांचे थोरले भाऊ, त्यांना सगळं गाव बापू म्हणायचं म्हणून आम्हीही बापू. ते निजामाच्या वेळेपासून तहसील कचेरीत पेशकार होते, म्हणजे साहेबापुढं कागद ठेवणारे. आता घरी होते, पण कागद ठेवायची सवय गेली नव्हती. त्यांची बायको माझ्या जन्माआधीच वारली, मूलबाळ नव्हतं. माझे वडील, दादा, वालूरच्या शाळेत मास्तर; शनिवारी सांजच्या गाडीनं यायचे आणि सोमवारी पहाटे जायचे. मग माय, मी, आणि माझे दोन धाकटे भाऊ. घरात बाई म्हणून एकटी माय. सगळ्यांचं दोन वेळचं रांधायचं, आल्यागेल्याचं बघायचं, ते तिच्या एकटीवर होतं.

जुनं सैपाकघर म्हणजे घराच्या मागच्या बाजूची काळी खोली. काळी म्हणजे खरोखर काळी, वासे, भिंती, फडताळ, सगळ्यावर धुराचा थर. वर माळवदाला हातभर भोक, त्याला आम्ही सवणं म्हणायचो. धूर तिथून जाईल अशी अपेक्षा. धुराला कोण सांगणार? तो आधी सगळीकडं फिरून घ्यायचा. कापसाच्या पऱ्हाट्या कोरड्या असल्या तर बरं, पावसाळ्यात ओल्या गोवऱ्या आणि तुरीच्या तुऱ्हाट्या पेटायच्या नाहीत, आणि माय फुंकणी घेऊन चुलीपुढं वाकलेली असायची. तिचे डोळे कायम लाल. गावात कुणी तिला विचारायचं, का गं रडलीस? ती म्हणायची, कुठलं बाई, रडायला येळ कुठाय. भाकरीचा आवाज मात्र अजून माझ्या कानात आहे. काठवट जमिनीवर, एक पाय दुमडलेला, एक गुडघा उभा, आणि थाप थाप थाप. त्या आवाजावरून मला कळायचं ज्वारी नवी आहे का जुनी. नव्या ज्वारीला थाप मऊ पडते. भाकरीसोबत कधी येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची, आमटी, कधी अंबाडीची भाजी, वर करडईच्या कच्च्या तेलाची धार. मी आयुष्यात पुष्कळ ठिकाणी जेवले, नवऱ्याच्या बदल्यांमुळं जिल्हे पालथे घातले, पण ती येसराची आमटी कुणाला जमली नाही. मलाही नाही.

आता एक रीत सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं समजायचं नाही. धाकट्या भावाच्या बायकोनं थोरल्या दिराच्या समोर यायचं नाही. त्यातून बापू विधुर, म्हणजे रीत आणखी कडक. बापू मागच्या दाराकडं यायला लागले की आधी खाकरायचे. खाकरणं ऐकलं की माय असेल तिथं खाली बसायची, किंवा कंबरेत वाकून पदर नाकापर्यंत ओढून आत सरकायची. ताठ उभी राहायची नाही. दोघांना एकमेकांशी बोलायचं असलं की मध्ये मी. बापू ओसरीवरून म्हणायचे, "तुझ्या मायला विचार, आज कढी करायलीय का." माय चार हातांवर आतच असायची, तिला स्पष्ट ऐकू जायचं. ती मला म्हणायची, "बापूला सांग, दही आंबट न्हाई, उद्या करते." ते बापूंनाही स्पष्ट ऐकू जायचं. तरी मी आत बाहेर करून दोन्ही बोलणी पोचवायची. अठरा वर्षं ही दोघं एका छपराखाली राहिली आणि एकमेकांशी एक शब्द बोलली नव्हती. त्यात वाईटपणा नव्हता, भांडण तर नव्हतंच. बापू जिंतूरहून यायचे तर मायसाठी आठवणीनं चांगल्यातली सुपारी आणायचे आणि माझ्या हाती द्यायचे.

सैपाकघराचं खूळ बापूंच्याच डोक्यात शिरलं, आणि ते मायच्या डोळ्यांपायी शिरलं, हे त्यांच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे. परभणीला एका अधिकाऱ्याच्या घरी त्यांनी उभ्यानं सैपाक करायचा ओटा पाहिला. ओट्यातच चूल बसवलेली, धुराला वर नळकांडं. बाई उभी, धूर बाहेर, भांडी हाताशी. बापू घरी आले ते थेट ट्रंक उघडून बसले. कचेरीतले जुने पाठकोरे कागद त्यांनी जपून ठेवले होते, एका बाजूला उर्दू छपाई आणि दुसरी बाजू रिकामी. त्या रिकाम्या बाजूवर पहिला नकाशा निघाला. मग दुसरा. पहिल्यात चुलीचं तोंड पश्चिमेला येत होतं. दुसऱ्यात मोरी देवाच्या कोनाड्याला लागत होती. तिसऱ्यात सगळं जमलं, पण मधला खांब हलवावा लागणार होता आणि खांबावर माळवदाची तुळई. खांब हलवायचा विचार करण्यात एक उन्हाळा गेला. मग दुष्काळाचं साल आलं. रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खाऊन दिवस काढायचे तिथं ओटा कशाचा? दुष्काळ सरला तर सिमिट मिळेना. सिमिट तेव्हा परमिटवर. बापू स्वतः कचेरीतले, पण त्यांनी ओळखीचा वापर करायचा नाही असं ठरवलेलं. रीतसर दरख्वास्त करायची आणि वाट बघायची. दरख्वास्त, तिची स्मरणदरख्वास्त, त्या स्मरणाचं स्मरण. लोक विचारायचे, बापूसाहेब, सैपाकघराचं कुठवर आलं? बापू म्हणायचे, मंजुरीत हाय. माय आत फुंकणी फुंकत असायची.

मी दहावीत होते त्या साली मंजुरी आली. दिवाळी झाल्यावर गाडीतून सिमिटाच्या गोण्या उतरल्या आणि माझ्या भावांनी त्यांवर बसून घोडा घोडा केलं. बापूंनी त्यांना हुसकून लावलं आणि गोण्यांवर सतरंजी घातली. जिंतूरहून चाँदमिस्त्री नावाचा गवंडी आला. उंच, वाळका, दाढीला मेंदी, हातात ओळंबा. काळी खोली दोन दिवसांत रिकामी झाली. वासे खरवडले तर काजळीचे पापुद्रे निघाले, बोटभर जाड. मायचं रांधणं तोवर गोठ्यात हललं. तीन दगडांची चूल, एका बाजूला म्हैस, एका बाजूला माय. तिथंही ती बसूनच. सगळं आटपून ती दुपारी दहा मिनिटं गव्हाणीला टेकायची, तेव्हा तिच्या चेहऱ्याकडं बघवायचं नाही. पण खूश होती. मला हळूच विचारायची, "कुठवर आलं गं? भिंतीला गिलावा करायलेत का?" तिला स्वतःला जाऊन बघायची सोय नव्हती, कारण बापू दिवसभर तिथंच खुर्ची टाकून बसलेले.

मग माप घ्यायचा दिवस आला. चाँदमिस्त्रीनं बापूंचा नकाशा हातात घेतला, उलटा सुलटा केला, आणि म्हणाला, ह्यात सगळं हाय, ओट्याची उंची न्हाई. बापूंनी अधिकाऱ्याच्या घरच्या ओट्याची उंची सांगितली, ती त्यांनी टिपून आणली होती. मिस्त्रीनं मान हलवली. म्हणाला, "ते त्येंच्या बाईचं माप. ज्येला भाकरी थापायची त्येला हितं हुभं करा. माप चुकलं तर जलमभर मला शिव्या देताल."

बापू गोंधळले. गवंड्यापुढं घरातली बाई उभी करायची, तीही आपल्या देखत, हे त्यांच्या कल्पनेत बसणारं नव्हतं. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि त्यांना दारात मी दिसले. मला म्हणाले, हिकडं ये, अशी भिंतीपाशी उभी ऱ्हा. मिस्त्रीला म्हणाले, "हिचं घे. मायलेकी सारख्याच."

मिस्त्रीनं विचारलं, "बाई एवढ्याच हायत?"

"एवढ्याच की," बापू म्हणाले.

ते खोटं बोलत नव्हते. त्यांनी मायला अठरा वर्षांत कधी ताठ उभी पाहिलीच नव्हती. पाहिली ती बसलेली, नाहीतर वाकून आत पळणारी. त्यांच्या हिशेबी ती लहानखुरीच होती. आणि माझी माय, आता काय सांगू, आमच्या गल्लीत तिच्याएवढी उंच बाई नव्हती. दादांपेक्षा चार बोटं वर. माझं डोकं तिच्या खांद्याच्या खाली राहायचं. मी बापूंच्या वळणावर गेलेय, आजही पाच फूट भरत नाही. मिस्त्रीनं मला कोपर वाकवायला सांगितलं, कोपराखाली वीत दीड वीत मोजली, आणि भिंतीवर कोळशानं रेघ ओढली. गोठ्यातून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. मला तोंड उघडून एवढंच म्हणायचं होतं, की माय लय उंच हाय. मी म्हटलं नाही.

का म्हटलं नाही, ह्याचा मी पुढं पुष्कळ विचार केला. बापूंचं बोलणं परक्या माणसापुढं खोडायचं नाही ही एक गोष्ट झाली, आणि मी लोकांना तीच सांगत आले. खरी गोष्ट वेगळी आहे. मला ते आवडलं होतं. त्या घरात मला कुणी कधी कशासाठी मधोमध उभं केलं नव्हतं. भावांचे सदरे शिवायला शिंपी यायचा, माझं परकर-पोलकं मायच्या जुन्या लुगड्यातून अंदाजानं निघायचं. आज एवढा मोठा मिस्त्री माझं माप घेत होता आणि बापू लक्ष देऊन बघत होते. मला वाटलं, आपणही कुणीतरी आहोत. पंधरा वर्षांची पोर, अक्कल ती केवढी. पण मूग गिळून बसायचं ते मी त्या दिवशी बसले, हे काही पुसता येत नाही.

गोठ्यात जाऊन मी मायला हौसेनं सांगितलं की ओट्यासाठी माझं माप घेतलं. तिचा काठवटीवरचा हात थांबला. "तुजं?" ती म्हणाली. मग तिनं भाकरी फिरवली. मी म्हटलं, बापूला सांगू का, माय उंच हाय म्हणून. ती म्हणाली, "काय सांगशील? तुझी माय केवढी हाय ते? असं बोलतेत का कुणी भायाला. असू दे." भाया म्हणजे थोरला दीर. स्वतःच्या उंचीचा विषय दिराच्या कानावर घालायचा म्हणजे अंगाचा विषय काढल्यासारखंच, आणि तो निरोप न्यायला कोण, तर मी. तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि पाणी फिरवलं.

ओटा झाला. वर शहाबादी फरशी, मध्ये चूल, तिच्या मागून धुराडं थेट माळवदाच्या वर. बापूंनी नारळ फोडला. गल्लीतल्या बायका बघून गेल्या. धूर खरंच खोलीत यायचा नाही, आणि मायचे डोळे महिन्याभरात निवळले, तेही खरं. पण पहिल्याच दिवशी माय भाकरी थापायला उभी राहिली तर ओटा तिच्या मांडीपाशी. भाकरीला वरून जोर लागतो. बसून थापताना तो जोर अंगाच्या वजनानं पडायचा. इथं तिला कंबरेतून पार दुमडावं लागायचं आणि त्याच अवस्थेत पंधरा-वीस भाकरी काढायच्या. तिसऱ्या दिवशी तिनं ओट्याला धरून कंबर सरळ केली तेव्हा तिच्या तोंडातून आवाज आला. ओट्यावर पाट ठेवून त्यावर काठवट मांडून बघितली, तर तवा खाली आणि काठवट वर, हात भाजला; खाली बसून थापावी तर दर भाकरीला उठून तव्यापाशी जायचं. पंधरा दिवसांनी तिला सकाळी अंथरुणातून उठायला भिंत धरावी लागायला लागली.

मी उभी राहिले तर ओटा मला बेतून शिवल्यासारखा. मग मी म्हटलं, माय तू बस, मी करते. तुला सांगते ना सूनबाई, कुठल्याही कामाची सुरुवात अशीच होते, आपणच हौसेनं पुढं होतो. आधी सांजच्या भाकरी माझ्याकडं आल्या. मग सकाळच्या. परीक्षेच्या दिवसांत मी पहाटे भाकरी टाकून शाळेत जायची, आणि पेपर लिहिताना माझ्या बोटांना पिठाचा वास. बापू जेवताना म्हणायचे, पोरीच्या हाताला चव हाय. भाऊ म्हणायचे, ताईचा ओटा. मायही म्हणायची नाही की सोड. तिला खरंच उठवत नव्हतं. ती खाली बसून भाजी निवडायची, येसर भाजून द्यायची, आणि माझ्याकडं बघत राहायची. तिच्या नजरेत काय होतं ते मला तेव्हा कळत नव्हतं. मला वाटायचं, पाठ दुखायलीय म्हणून तसं बघते.

निकाल लागला. मला पहिला वर्ग मिळाला. परभणीला माझी मावशी स्टेशनच्या बाजूला राहायची, तिनं आधीच कळवून ठेवलं होतं की पोरगी पास झाली तर मास्तरकीच्या शिक्षणाला इथं पाठवा, राहायची सोय आमच्याकडं. माझ्या वर्गातली सुजाता, बौद्धवाड्यातली, तिचा फॉर्म तर निकालाच्या आठवड्यातच भरून झाला. तिचा बाप लोकांच्या शेतात राबणारा माणूस, पण स्वतः धुतलेलं धोतर नेसून तिच्याबरोबर परभणीला जाऊन आला. ती मला सांगायला आली तेव्हा मी ओट्यापाशी उभी होते. ती म्हणाली, तुझं कधी? मी म्हटलं, दादा आले की. ती गेल्यावर मला रडू आलं आणि त्याला धुराचंही कारण राहिलं नव्हतं. फॉर्म भरायला आठ-दहा दिवस उरले होते.

शनिवारी दादा आले. रविवारी सकाळी चाँदमिस्त्रीही आला, धुराड्याची एक वीट ढिली झाली होती ती बसवायला. काम झाल्यावर बापूंनी त्याला ओसरीवर चहाला थांबवलं. दादा खाली बसलेले, बापू बाजेवर, मिस्त्री पायरीवर. मी चहाचं ताट घेऊन आले. मिस्त्रीच म्हणाला, बाईची पाठ धरली म्हणं, मला पोरं बोलली. दोन थर विटा चढवल्या की ओटा वर येईल. पण वरची फरशी उचलावी लागेल, ती धड निघेल ह्याची खात्री नाही, आणि सिमिट पाहिजे.

सिमिट संपलं होतं. बापूंनी हिशोब मांडला. आता दरख्वास्त केली तर पुढल्या सालाआधी परमिट यायचं नाही. मग ते दादांना म्हणाले, "तवर पोरगी करंल. ओटा तिच्याच मापाचा हाय. परभणीचं पुढल्या साली बघू."

पुढल्या साली. ह्या दोन शब्दांचा आमच्या घरातला अर्थ मला पाठ होता. एका ओट्याला सहा-सात वर्षं लागली होती. पुढल्या साली कुणीतरी सोयरीक घेऊन येणार, आणि मी दुसऱ्या कुणाच्या ओट्यापुढं जाऊन उभी राहणार. मी दादांकडं पाहिलं. दादा चांगले मास्तर होते, त्यांच्या हाताखालची पोरं शिकून मोठी झाली. पण थोरल्या भावापुढं त्यांच्या तोंडून शब्द निघायचा नाही. ते आपल्या चपलांकडं बघत म्हणाले, "बरं." मी चहाचं ताट खाली ठेवलं.

तेवढ्यात मधल्या दारातून माय बाहेर आली. दार ठेंगणं, ती वाकून आली आणि ओसरीवर येऊन सरळ झाली. पाठीत कळ आली असणार, तिनं एक हात दाराला लावला, पण झाली सरळ. डोक्यावर पदर होता, तोंडावर नव्हता. बापू सवयीनं मान फिरवून बाजेवरून उठायला लागले आणि दादांना म्हणाले, काय म्हणायचंय ते तुला सांग म्हणावं.

"त्येन्ला न्हाई सांगायचं," माय म्हणाली. "तुमालाच सांगायचंय, बापू."

बापू होते तिथं थांबले. मी तिचा आवाज ओळखत होते, तो चढलेला नव्हता, नेहमीचाच होता. जरा दमलेला.

"ओटा हाय तसाच ऱ्हाऊ द्या. मी वाकून करीन. पर पोरगी परभणीला जाईल. ह्याच साली."

बापूंनी मान वळवून तिच्याकडं पाहिलं. पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, मग तिच्या बाजूला उभ्या असलेल्या माझ्याकडं, आणि पुन्हा तिच्याकडं. चाँदमिस्त्री पायरीवरून उठून उभा राहिला होता. तो म्हणाला, बापूसाब, ह्या तर लय उंच हायत, तुमी मला पोरीएवढ्या म्हणलाव की. बापूंच्या चेहऱ्याचा रंग गेला. नकाशातली वीतन् वीत तपासणारा माणूस, तो परत बाजेवर बसला. मला त्या क्षणी त्यांचीसुद्धा दया आली, आणि आपण तेव्हा गप्प राहिलो हे आता सगळ्यांना कळेल अशी भीती वाटली. कुणालाच कळलं नाही. मायला ठाऊक होतं, पण तिनं ते कधी बोलून दाखवलं नाही.

मग बापू बोलले. दादांकडं बघून नाही, माझ्यामार्फत नाही.

"पाठ जाईल तुझी."

"जाऊ द्या," माय म्हणाली, आणि आत गेली. थोड्या वेळानं भाकरी थापल्याचा आवाज यायला लागला. मी धावत गेले तर तिनं मला कोपरानं मागं सारलं आणि म्हणाली, पत्र्याच्या पेटीत कपडे भर.

सोमवारी दादा वालूरला गेलेच नाहीत, मला परभणीला घेऊन गेले. फॉर्म भरला. मी मास्तरीण झाले, सदतीस वर्षं पोरं शिकवली, माझं सगळं जे काही आहे ते त्या रविवारचं आहे. आणि ओट्याचं काय झालं म्हणाल, तर बापूंनी दुसऱ्याच दिवशी दरख्वास्त केली. ह्या खेपेला ओळखसुद्धा वापरली, आयुष्यात पहिल्यांदा. सिमिट आलंही. पण त्या पावसाळ्यात माळवद गळायला लागलं, आणि ते सिमिट तिकडं गेलं. मग बापूंना अर्धांगवायू झाला. दोन वर्षं मायनंच त्यांचं सगळं केलं, आणि आता दोघं सरळ एकमेकांशी बोलायची, भात मऊ झालाय का, पाणी गरम पाहिजे का. बापू गेल्यावर ओट्याचं नाव काढणारं कुणी राहिलं नाही.

मी नाव काढलं. मला पगार सुरू झाल्यावर मी दर सुट्टीत म्हणायचे, फोडू आणि उंच करू. ती म्हणायची, कशाला, धुराडं हालंल, आता अंगवळणी पडलंय. मग गॅस आला, तोही त्याच ओट्यावर. मी बोरीला गेले की त्या ओट्यापुढं उभी राहायचे आणि तो मला अगदी नीट यायचा, हात न ताणता, पाठ न वाकवता. मला त्याची लाज वाटायची. मायचा रागही यायचा, तुम्हाला खोटं कशाला सांगू. वाटायचं, हिनं एकदा तरी बोलून दाखवावं, शिव्या द्याव्यात, म्हणजे आपण सुटू. ती कुठली द्यायला. ती म्हणायची, बस तू, प्रवासातून आलीस, आणि वाकून भाकरी थापत राहायची. दरसाल थोडी जास्त वाकलेली दिसायची. मग ती ओट्यापासून बाजूला झाली तरी तशीच दिसायला लागली. परभणीच्या डॉक्टरनं फोटो काढून बघितला आणि मला बाहेर बोलावून विचारलं, ह्या शेतात कामाला होत्या का. मी म्हटलं, नाही, घरातच असायच्या.

माय गेली तेव्हा मी पोचेपर्यंत दुपार झाली होती. आंघोळ घालून तिला ओसरीवर निजवलेलं होतं. पाठ टेकत नव्हती, म्हणून मानेखाली आणि गुडघ्याखाली लुगड्याच्या घड्या दिल्या होत्या. गल्लीतली जुनी माणसं राहिली नव्हती, खांदा द्यायला नवी पोरं जमली होती, भली पोरं, धडपड करत होती. त्यातल्या एकानं तिरडीचे बांबू मापाला लावून बघितले, आणि म्हणाला एवढे लांब कशाला, निम्मे कापू, आजी लहानखुरीच होती.

मी तिच्या पायाशी बसले होते. म्हटलं, "कापू नको रे. माझी माय लय उंच होती."

त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं पाहिलं. बरं मावशी, म्हणाला, आणि रडणाऱ्या बाईशी कुणी वाद घालत नाही म्हणून बांबू तसेच ठेवले.